भीतीभोवतीचा बंदोबस्त

लिफ्टची भीती असलेला माणूस दिवसभरात लिफ्टला फारसा घाबरत नाही, कारण तो लिफ्टच्या वाटेलाच जात नाही. कुणाकडे जायचं तर आधी मजला विचारतो. मजला फार वरचा असेल तर नेमकं त्याच दिवशी त्याला दुसरं काम निघतं. मुलाखतीला वीस मिनिटं आधी पोचतो, म्हणजे जिने चढून आलेला घाम सुकायला वेळ मिळतो. सोबतचे लोक लिफ्टपाशी थांबले की "तुम्ही व्हा पुढे, मला एक फोन करायचाय" म्हणतो. व्यायाम होतो म्हणून जिन्याने जातो, हे तो इतकी वर्षं सांगत आलेला असतो की आता ते त्याचं त्यालाही खरं वाटतं.

हा बंदोबस्त इतका चोख असतो की कित्येकदा घरच्यांनाही त्याचा पत्ता नसतो. कुत्र्यांची भीती असेल तर चालायचे रस्ते ठरलेले असतात आणि त्यातला एखादा बंद झाला की बाहेर पडणंच रद्द होतं. पालीची भीती असेल तर खोलीत शिरताना आधी दिवा, मग चारी कोपरे, मग छत, आणि मगच पाऊल आत. सुईची भीती असेल तर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या रक्ततपासणीचा कागद महिनोन्महिने पाकिटात घडी होऊन पडलेला असतो. प्रत्यक्ष भीतीशी गाठ वर्षातून चार-सहा वेळा पडते, बंदोबस्त मात्र रोज करावा लागतो. आयुष्य खाते ती मुख्यतः ही रोजची मेहनत, आणि भीती जिवंत राहते तीही त्याच मेहनतीच्या जिवावर. म्हणून उपचाराची सुरुवात भीतीपासून न करता या बंदोबस्तापासून केलेली बरी.

भीती सगळ्यांनाच वाटते आणि वाटायलाही हवी. तिला फोबिया म्हणायचं ते काही ठरावीक खुणा दिसल्या तर. धोक्याच्या मानाने भीती फारच मोठी हवी, ती गोष्ट समोर आली की जवळजवळ प्रत्येक वेळी तिने उसळी घ्यायला हवी, साधारण सहा महिने किंवा अधिक काळ ती टिकून असायला हवी, आणि तिच्यामुळे नोकरी, शिक्षण, नाती किंवा औषधोपचार यांत अडथळा यायला हवा. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. ज्याला सापाची भयंकर भीती वाटते पण ज्याच्या जगण्यात साप कधी येतच नाही, त्याला कसल्याही उपचाराची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या बहुदेशीय सर्वेक्षणात आयुष्यात कधी ना कधी असा विशिष्ट फोबिया, म्हणजे एखाद्या ठरावीक गोष्टीचा फोबिया, झालेल्या लोकांचं प्रमाण सुमारे 7 टक्के निघालं, आणि स्त्रियांमध्ये ते पुरुषांच्या जवळपास दुप्पट होतं. म्हणजे कुठल्याही भरलेल्या वर्गात दोन-तीन जण तरी असे असणार.

"अरे, त्यात घाबरण्यासारखं काय आहे?" हा प्रश्न अशा प्रत्येकाने शेकडो वेळा ऐकलेला असतो. गंमत म्हणून विचारलेला असो की मायेने, त्याचा उपयोग शून्य. झुरळ चावून जीव घेत नाही हे घाबरणाऱ्याला विचारणाऱ्याइतकंच ठाऊक असतं. पण शरीराचा इशारा विचार जागा होण्याआधीच सुटलेला असतो: छाती धडधडू लागते, घशाला कोरड पडते, हात गार पडतात. एवढं झाल्यावर मन त्या धडधडीलाच पुरावा मानतं. इतकं होतंय म्हणजे धोका असणारच. माहितीने ही गाठ सुटत नाही, कारण ती माहितीने पडलेली नसते.

पडते कशी, तर वेगवेगळ्या वाटांनी. मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी 1920 साली एका तान्ह्या बाळाला पांढरा उंदीर दाखवताना पाठीमागे लोखंडी कांबीवर हातोडा मारून मोठा आवाज केला, आणि काही खेपांनंतर बाळ नुसता उंदीर पाहूनही रडू लागलं. आजच्या कुठल्याही नैतिक कसोटीला न उतरणारा हा प्रयोग आहे. पण प्रत्येक भीतीमागे असा हातोडा सापडत नाही. सुसान मिनेका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत वाढलेल्या, सापाची भीती नसलेल्या माकडांना दुसरी माकडं सापाला घाबरताना दाखवली. बघून बघूनच ती घाबरायला शिकली. चित्रफितीत फेरफार करून तीच माकडं फुलांना घाबरताहेत असं दाखवलं, तेव्हा मात्र बघणाऱ्या माकडांनी फुलांची भीती घेतली नाही. काही भित्या लागायला जमीन आधीच तयार असते, एवढं यातून दिसतं. आपली भीती नेमकी कुठून आली याचा शोध कित्येक लोक वर्षानुवर्षं घेत बसतात, आणि मूळ सापडलं की भीती जाईल अशी आशा धरतात. मूळ सापडलं तर ठीक, पण ते न सापडताही भीती उतरवता येते, आणि बहुतेकांची तशीच उतरते.

ती टिकते कशी, हे मात्र नीट समजून घ्यायलाच हवं. ओ. एच. मॉरर यांनी 1947 साली मांडलेली कल्पना आजही या बाबतीत सर्वाधिक उपयोगी आहे. लिफ्टच्या बटणापाशी उभ्या असलेल्या माणसाचं एक मिनिट डोळ्यांसमोर आणा. हात बटणाकडे जातो, छातीत ठोके वाढतात, दार उघडल्याचा आवाज येतो, आतली छोटीशी जागा दिसते. तो वळतो आणि जिन्याकडे चालू लागतो. दहाव्या पावलाला छाती हलकी होते. हा हलकेपणा म्हणजे बक्षीस आहे, आणि बक्षीस मिळालेली कृती माणूस पुन्हा करतो. शिवाय मनाने एक धडा घेतलेला असतो की मी वळलो म्हणून वाचलो. न वळता काय झालं असतं, हे कळायची संधीच त्याने स्वतःला दिलेली नसते. अशा हजार सुटकांनंतर लिफ्ट पहिल्यापेक्षा जास्त भयानक वाटू लागते, आणि त्या काळात लिफ्टने त्याला काहीही केलेलं नसतं.

म्हणून उपचाराचं सार एवढंच की टाळलेल्या गोष्टीकडे ठरवून, पायरीपायरीने जायचं. मेरी कव्हर जोन्स यांनी 1924 साली सशाला घाबरणाऱ्या सुमारे तीन वर्षांच्या पीटरच्या बाबतीत हेच केलं. तो खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचा आणि त्याला सोसेल तसा जवळ आणायचा. न घाबरणारी दुसरी मुलंही सोबत असत. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला. शंभर वर्षांत या पद्धतीत बरीच भर पडली, पाया तोच राहिला.

पायऱ्या आखण्याआधी कागदावर एका प्रश्नाचं उत्तर लिहा: नेमकं काय होईल असं वाटतं? "भीती वाटते" हे उत्तर चालणार नाही. लिफ्टच्या बाबतीत कुणाला वाटतं की ती तुटून खाली जाईल. कुणाला वाटतं, ती अडकेल आणि हवा संपेल. कुणाला लिफ्टची चिंताच नसते. आपण आत किंचाळू, आपला ताबा जाईल, लोक बघतील, ही त्याची धास्ती असते. तिघांची भीती बाहेरून सारखी दिसली तरी पायऱ्या वेगळ्या पडतात. पहिल्याला प्रवासाचं अंतर वाढवत न्यावं लागेल. दुसऱ्याला बंद दाराआड थांबण्याचा वेळ वाढवावा लागेल. तिसऱ्याला गर्दीची लिफ्ट ही वरची पायरी असेल आणि रिकामी लिफ्ट खालची, तर दुसऱ्याचं कदाचित नेमकं उलटं असेल. या टप्प्यावर माहिती एकदा जरूर घ्यावी: प्रवासी लिफ्टची केबिन हवाबंद नसते, तिला सहसा एकाहून अधिक दोर असतात, आणि वेग मर्यादेबाहेर गेला तर रुळांना पकडून केबिन थांबवणारी यंत्रणा असते. एकदा म्हणजे एकदाच. रोज रात्री तीच माहिती पुन्हा शोधणं हा बंदोबस्ताचाच नवा प्रकार होतो.

मग पायऱ्या. प्रत्येकीला 0 ते 100 मध्ये भीतीचे गुण द्यायचे. ही मोजपट्टी मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांच्या पद्धतीतून आली. 20 म्हणजे नुसती अस्वस्थता, 50 म्हणजे पळून जावंसं वाटतंय पण थांबता येतंय, 100 म्हणजे आजवरची सर्वांत मोठी भीती. सुरुवात 30 ते 40 गुणांच्या पायरीपासून करावी. त्याखालच्या पायरीत शिकण्यासारखं फार नसतं आणि 80 ची पायरी पहिल्याच दिवशी घेतली तर दुसऱ्या दिवशी माणूस येत नाही. लिफ्टचा क्रम साधारण असा लावता येतो. आधी लिफ्टसमोर दहा मिनिटं उभं राहून दारं उघडताना-मिटताना बघायचं. मग सोबत्याने दार धरून ठेवलेलं असताना आत पाऊल टाकायचं, आधी एक मिनिट, मग पाच. मग त्याच मजल्यावर दार मिटू द्यायचं आणि उघडायचं. मग सोबत्याबरोबर एक मजला. मग सोबती वरच्या मजल्यावर थांबलेला आणि आपण आत एकटे. मग सोबती इमारतीबाहेर, मग तो घरी. मजले एक, तीन, सहा असे वाढवायचे. पुढे गर्दीची लिफ्ट, जुनी खडखडणारी लिफ्ट, आरसा नसलेली लिफ्ट आणि शेवटी अनोळखी इमारतीतली लिफ्ट.

पायरीवर किती वेळ थांबायचं? पूर्वी सांगितलं जाई की भीतीचे गुण निम्मे होईपर्यंत थांबा. आजही हा नियम वाईट नाही, पण मिशेल क्रॅस्क यांच्यासारख्या संशोधकांनी भर दिला तो वेगळ्या गोष्टीवर: जे होईल असं वाटत होतं ते झालं का, हे कळेपर्यंत थांबा. दार मिटल्यावर दोन मिनिटांत गुदमरू असं लिहिलं असेल तर तीन मिनिटं आत राहायला हवं, मग गुण 70 वरच का अडकेनात. बाहेर आल्यावर लगेच लिहायचं: काय होईल वाटलं होतं, काय झालं. भीती कमी झाली नाही म्हणून त्या दिवसाचा सराव फुकट गेला असं समजू नये. भीती असतानाही काही विपरीत घडलं नाही, हाच धडा घ्यायचा असतो. एकच पायरी एका बैठकीत अनेकदा करावी आणि आठवड्यातून चार-पाच दिवस करावी. आठवड्यातून एकदा केलं तर मधल्या सहा दिवसांत टाळाटाळ पुन्हा जोर धरते.

एवढं करूनही बऱ्याच जणांची गाडी अडते. बंदोबस्त बारीक होऊन लिफ्टच्या आत आलेला असतो, हे त्याचं नेहमीचं कारण. माणूस लिफ्टमध्ये जातो खरा, पण डोळे मिटून, मनात आकडे मोजत, मोबाइल मुठीत आवळून, दाराला खेटून, एक बोट गजराच्या बटणापाशी ठेवून. वर पोचल्यावर त्याच्या मनात नोंद होते ती अशी: मोबाइल होता म्हणून निभावलं. लिफ्ट निर्दोष असल्याची नोंद होतच नाही. म्हणून प्रत्येक पायरीनंतर स्वतःला विचारावं की आत्ता मी काय काय धरून होतो, आणि पुढच्या खेपेला त्यातली एक गोष्ट सोडून द्यावी. सगळ्या एकदम सोडल्या पाहिजेत असं नाही, सुरुवातीला एखादा आधार चालतो. आयत्या वेळी घेतलेल्या शामक गोळीचंही तेच होतं, श्रेय गोळीकडे जातं. मात्र नियमित चालू असलेलं औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका, ते डॉक्टरांशी बोलूनच.

दुसरा अडथळा श्वासाचा. घाबरल्यावर श्वास जलद चालतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांना मुंग्या येतात, ओठांभोवती बधिरपणा येतो, डोकं हलकं होतं, आणि हवा पुरत नाहीये असं वाटतं. हवा भरपूर असते, किंबहुना गरजेपेक्षा जास्त घेतली जात असते. ज्याला गुदमरण्याचीच भीती आहे त्याला हे आधी माहीत नसेल तर स्वतःच्या मुंग्याच त्याला पुरावा वाटतात. श्वास नाकाने, नेहमीएवढाच घ्यावा आणि सावकाश सोडावा. खोल खोल श्वास घ्या हा सल्ला अशा वेळी उलटू शकतो.

तिसरा अडथळा हितचिंतकांचा. भीती मोडायची म्हणून अंगावर रबरी पाल टाकणं, पोहता न येणाऱ्याला पाण्यात ढकलणं, कुत्रं अचानक जवळ आणणं. यातून भीती वाढते आणि त्या माणसावरचा विश्वास जातो तो वेगळाच. पुढची पायरी कधी घ्यायची हे घाबरणाऱ्यानेच ठरवायचं, हा नियम कुणीही मोडू नये. घरच्यांची दुसरी चूक मायेपोटी होते. मुलाला झुरळाची भीती वाटते म्हणून रोज रात्री त्याची खोली तपासून देणं, त्याच्या वतीने दिवे लावणं, कुत्रं दिसलं की कडेवर घेणं. मूल यातून एवढंच शिकतं की खोली तपासण्याजोगी धोक्याची आहे. ही मदत काढून घ्यायची, पण सांगून आणि थोडी थोडी: या आठवड्यात खोली आपण दोघं मिळून बघू, पुढच्या आठवड्यात तू बघ, मी दारात उभा आहे, त्यानंतर बघायचंच नाही. "काही होत नाही" याऐवजी "भीती वाटतेय ना, वाटू दे, आपण थांबू" हे वाक्य मुलाला जास्त आधार देतं. आणि मुलं आपल्या शब्दांआधी आपला चेहरा वाचतात, हेही विसरून चालत नाही.

आता एक अपवाद, जो माहीत नसल्याने फार लोकांचं नुकसान होतं. रक्त, जखम आणि सुई यांची भीती बाकीच्या भीतींसारखी वागत नाही. लिफ्टमध्ये किंवा उंचावर माणसाला चक्कर येऊन पडू असं वाटतं, पण त्या वेळी रक्तदाब चढलेला असतो, त्यामुळे भीतीपायी शुद्ध हरपणं क्वचितच घडतं. रक्ताच्या भीतीत मात्र ठोके आणि रक्तदाब आधी थोडे चढतात आणि मग एकाएकी कोसळतात, मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस खरोखर पडतो. ही प्रवृत्ती बऱ्याचदा एकाच कुटुंबात अनेकांना असते. अशा माणसाला "शांत हो, अंग सैल सोड" असं सांगणं म्हणजे रक्तदाब आणखी उतरवणं. त्याला उलट सांगावं लागतं: अंग आवळ.

स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात ही पद्धत बसवली. खुर्चीत बसा. दोन्ही मुठी, दंड, पोट आणि मांड्या एकदम घट्ट आवळा आणि 10 ते 15 सेकंद तशाच ठेवा. चेहऱ्यावर ऊब चढल्यासारखी जाणवली की दाब पुरेसा झाला. मग 20 ते 30 सेकंद सोडा, पण गळून जाईल इतकं सैल पडू नका, नेहमी बसतो तितपतच. असं पाच वेळा. दिवसातून पाच वेळा, आठवडाभर. श्वास रोखू नका. बहुतेकांची चूक इथेच होते. डोकं दुखलं तर जोर कमी करा. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल, किंवा गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आठवड्याने सुईचं चित्र, मग चित्रफीत, मग बंद वेष्टनातली सिरिंज हातात, असा क्रम सुरू करा आणि पडण्याची पहिली खूण ओळखायला शिका. जांभई, मळमळ, थंड घाम, कानात आवाज, डोळ्यांपुढे अंधारी, यांतलं काहीतरी आधी येतंच. ते आलं की लगेच आवळायचं. प्रत्यक्ष सुई टोचताना तो हात सैलच हवा, म्हणून घरी सराव करतानाही एक हात मांडीवर सैल ठेवून बाकीचं अंग आवळायची सवय करून घ्या. आणि नर्सला सुई वेष्टनातून काढण्याआधीच सांगा: मला शुद्ध हरपण्याचा त्रास आहे, मी आडवं होऊन घेतो. यात लाजण्यासारखं काही नाही, त्यांनाही जमिनीवरून माणूस उचलण्यापेक्षा हे सोपं जातं.

भीती उतरली म्हणजे पुसली गेली असं होत नाही. जुना धडा मनात शिल्लक असतो, त्याच्या शेजारी नवा बसलेला असतो. पावलोव्ह यांनाही कुत्र्यांवरच्या त्यांच्या प्रयोगांत विझलेली, म्हणजे सरावाने बंद पडलेली, प्रतिक्रिया काही काळाने आपोआप परतलेली दिसली होती, आणि मार्क बाउटन यांच्या कामातून स्पष्ट झालं की नवा धडा जागेला चिकटून राहतो. एकाच ओळखीच्या, शांत कुत्र्यासोबत महिनाभर सराव केलेला माणूस दुसऱ्या रस्त्यावर भुंकणारं कुत्रं पाहून पुन्हा हादरतो. त्यावर उपाय म्हणून सराव मुद्दाम वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या वेळी, थकलेल्या दिवशीसुद्धा करावा. परतलीच भीती, तर दोन पायऱ्या खाली उतरून दोन-चार दिवस पुन्हा चढायचं. दुसरी चढण पहिलीइतकी लांबत नाही.

हे सगळं एकट्याने करणं प्रत्येकाला जमेल असं नाही, आणि तसा आग्रहही नको. भीतीपायी तपासणी किंवा उपचार रखडत असतील, मूल शाळेत जाईनासं झालं असेल, भीती मारण्यासाठी दारूचा आधार घेतला जात असेल, किंवा कुठेही, काहीही समोर नसताना घाबरगुंडी उडत असेल, तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. विशिष्ट फोबियाला फार दिवस लागतीलच असंही नाही: याच ओस्ट यांनी 1989 साली तीन तासांपर्यंतच्या एकाच सत्रात करायची उपचारपद्धत प्रसिद्ध केली, आणि प्राण्यांच्या भीतीत ती चांगली लागू पडते. पहिल्या भेटीत तीन गोष्टी विचाराव्यात. भीती वाटते त्या गोष्टीसमोर प्रत्यक्ष सराव आपण करणार आहोत का? पुढची पायरी माझ्या होकाराशिवाय घेतली जाणार नाही ना? आणि दोन सत्रांच्या मधल्या दिवसांत मी काय करायचं? तिसऱ्या प्रश्नाला "काही नाही, फक्त येत राहा" असं उत्तर मिळालं तर दुसरा तज्ज्ञ शोधावा.